कवडशाच्या पलीकडून

उजेडाकडे बघत बसायचं, याचा पंचफुलाबाईला पगार मिळायचा.

आमच्या गावाबाहेर गारगोटी दळायची गिरणी होती. टिनाची लांबलचक शेड, मधोमध चक्की, आणि पूर्वेच्या भिंतीत उंचावर एक भोक. वादळात कधीतरी तिथलं टिन फाटलं होतं. सकाळी त्या भोकातून ऊन आत यायचं आणि वासा तिरपा टेकवावा तसं शेडभर पडायचं. पंचफुलाबाई त्याच भिंतीला पाठ लावून लाकडी खोक्यावर बसायची. उन्हाकडे पाठ, समोर कवडसा. डोळ्यांवर ऊन घेऊन कोण बसतं?

चक्की चालू झाली की कवडसा पिठूळ होत जायचा. फार दाट झाला की ती हात वर करून म्हणायची, "बंद." तेवढ्या एका शब्दावर मुकादम पट्टा काढायचा. मग सगळे बाहेर. कवडसा हळूहळू साफ व्हायचा, आणि आतून तिचा दुसरा शब्द यायचा, "निवळलं." तो ऐकला की आम्ही तोंडाचे फडके सोडायचो आणि आत जायचो.

हे खोकं तिला सहज मिळालं नव्हतं. गिरणीत एकामागून एक माणसं खोकून मेली, त्यात तिचा नवरा मोतीरामभाऊजीही गेला. तेव्हा आम्ही सगळी बायामाणसं गिरणीच्या फाटकाशी बसलो होतो. शेठ म्हणाला, धूळ किती झाली म्हणजे थांबायचं ते तुम्हीच ठरवा, पण रोज भांडण नको, एकानं ठरवा. सगळ्यांनी पंचफुलाबाईकडे बोट दाखवलं. तिची नजर तशीच होती. पाखडलेल्या तांदळातला खडा तिला चार हातांवरून दिसायचा.

ती माझी नणंद. माझा नवरा सुकराम तिचा पाठचा भाऊ. आई लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला कडेवर वागवून मोठा केला होता.

मी सांगते तो दिवस सुकराम पुन्हा कामावर आला तेव्हाचा आहे. तो आधी पोती भरायला होता. मग खोकला, ताप, अंग वाळलं. सरकारी दवाखान्यात टीबी म्हणाले. गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, ताप गेला, पण चार पावलं चालला की त्याचा भाता चालायचा. मला त्याला पाठवायचं नव्हतं. आदल्या दिवशी मी पंचफुलाबाईच्या घरी गेले. ती अंगणात भाजी निवडत होती.

"बाई, तुम्ही सांगा ना तुमच्या भावाले. नोको म्हणा. तुमचं ऐकतात."

"काऊन नोको? गोळ्या झाल्या ना?"

"दम लागते अजून."

"घरी बसून माणूस कुजते व, देवका. खाटेवर पडल्या पडल्या छतच मोजून राह्यला तो." मग तिनं माझ्या हनुवटीला हात लावला. "मी काय तिथं माशा मारते का? माझ्या डोळ्याखाली राहील तो. जरासं गढूळ दिसलं का बंद करीन. माझ्या घरधन्याच्या वेळी मी तिथं नव्हती. आता हाय ना."

मी तिच्याजवळ भाजी निवडायला बसले.

सकाळी आम्ही तिघंही बरोबरच गेलो. सुकराम दोनदा वाटेत थांबला आणि दोन्ही वेळा पळसाला बहर कसा आलाय ते बघितल्यासारखं केलं. फाटकाशी झिबल मुकादम उभा होता. त्याच्या शेजारी एक तरुण बाई, डोळ्यांवर चष्मा, हातात पेटी.

"या जावईबापू," मुकादम सुकरामला म्हणाला. "सासुरवाडीत राहून आले वाटते? तब्येत तर तशी दिसून नाही राह्यली."

"तुमच्याकडचा गूळ नाही भेटला ना खावाले," सुकराम म्हणाला.

आम्हाला पाळी सुटताना गुळाचा खडा मिळायचा. गुळाबरोबर घशातली धूळ पोटात जाते, अशी सगळ्यांचीच समजूत होती. मुकादमाचीही. तो स्वतः दोन खडे खायचा.

चष्मेवाली बाई निंबार्ते मॅडम. नागपूरहून हवा मोजायला आली होती. हवा मोजतात हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. तिच्या पेटीत मुठीएवढा पंप होता, त्याला नळी, नळीच्या टोकाला डबी, आणि डबीत पांढऱ्या कागदाची चकती. पंप कमरेला बांधायचा, डबी खांद्याला लावायची. आपण श्वास घेतो तिथलीच हवा तो ओढून घेणार.

"कुणाला लावू?" तिनं विचारलं.

"या बाईले लावा," मुकादम लगेच म्हणाला. "आमची जुनी, जाणती बाई."

मी आणि सुकरामनं एकमेकांकडे बघितलं. शेडमध्ये सगळ्यात स्वच्छ जागा पंचफुलाबाईच्या खोक्याचीच होती, चक्कीपासून सगळ्यात लांब. मुकादम मुकादमच होता.

पंप सुरू झाला. पंचफुलाबाई कमरेकडे बघून म्हणाली, "मांजर बांधल्यासारखं वाटते व. गुरगुरून राह्यलं."

चक्की सुरू झाली. मी आणि सुकराम पोत्यांवर. तो पोत्याचं तोंड धरायचा, मी सुपानं भुकटी ओतायची. खरं तर ते काम मी एकटीच करत होते, पण तसं दिसू नये म्हणून मी त्याला मधूनच ओरडत होते, "नीट धरा ना." तो गमछ्याच्या आड हसायचा. डोळ्यांवरून कळायचं.

निंबार्ते मॅडम पंचफुलाबाईजवळ खाली जमिनीवर बसली होती. अशी शिकलेली बाई खाली बसली, याचंच आम्हाला अप्रूप. चक्कीच्या आवाजात ती मोठ्यानं विचारत होती.

"नक्की काय बघता तुम्ही?"

"धुळीच्या जाती हायेत बाई," पंचफुलाबाई म्हणाली. "हे जे पटकन खाली येते ते कोंडा. त्याची भीती नाही, नाकातच अडकते. त्याच्याहून बारीक ते पीठ. ते गोल गोल फिरते. आन् सगळ्यात बारीक ते हे, पाहा, जाग्यावरच थरथर करते. त्याले मी धूर म्हणते. धूर आला का बंद करायचं."

मॅडमचा चेहरा उजळला. "तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे फार पूर्वी वजनमाप इथूनच सुरू करायचे. खिडकीतून ऊन येतं, त्यात जो कण थरथरताना दिसतो त्याला त्रसरेणू म्हणायचे. रेणू म्हणजे धूळ. त्रस म्हणजे हलणारं, थरथरणारं. सगळ्या मापांतलं ते पहिलं माप."

"पहिलं?"

"त्याहून लहान डोळ्यांना दिसत नाही ना. मग माप तिथूनच धरायचं."

पंचफुलाबाईनं वळून आम्हा सगळ्यांकडे बघितलं. तिची मान ताठ झाली होती. "ऐकलं का व? माझं काम जुन्या काळापासूनचं हाय."

मग तिनं हात वर केला. "बंद."

न्याहारीची सुट्टी झाली. आम्ही बाहेर पळसाखाली गेलो. मार्च संपत आला होता आणि सकाळीच ऊन लागायला लागलं होतं. झाडाला फुलं होती, पानं नव्हती, त्यामुळे सावलीही नव्हती. आतून आवाज आला, "निवळलं."

सगळे डबे घेऊन आत गेले. शेडमध्ये गार असायचं. आम्ही रोज आतच जेवायचो, बाया लेकरांना आतच पाजायच्या, डोळा लागला तर आतच पडायच्या. निवळल्यावर तोंडावरचा फडका काढणं म्हणजे सुट्टी लागल्यासारखं वाटायचं.

सुकराम मात्र झाडाखालीच बसून राहिला. मी त्याच्याजवळ थांबले.

"चला ना आत."

"इथंच बरं वाटते जरा. वारा हाय."

पंचफुलाबाई दारात आली. पंप कमरेला गुरगुरत होता.

"सुक्या, उन्हात काऊन बसला गा? लखलखीत निवळलं. ये आत."

"खातो इथंच, बाई."

"भोवळ येऊन पडशील. ऊठ." तिनं येऊन त्याचा डबा उचलला आणि दुसऱ्या हातानं त्याला दंडाला धरून उठवलं, लहानपणी उठवायची तसंच. "माझ्यासमोर बस आन् पोटभर खाय."

तो गेला. मीही गेले. तिनं त्याला बरोबर कवडशापाशी बसवलं, गमछा त्याच्या गळ्यात सरकवला, डबा उघडून दिला. भात आणि लाखोळीची डाळ होती. तो खायला लागला. ती आपल्या खोक्यावर जाऊन बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली. उन्हाचा दांडा स्वच्छ होता. क्वचित एखादा कण चमकून जायचा.

निंबार्ते मॅडमनं पंचफुलाबाईच्या खांद्यावरची डबी काढली, चकती बघितली आणि नवी घातली.

मुकादमानं मान लांब केली. "पांढरी शुभ्र हाय. म्हणजे पास ना?"

"भुकटीही पांढरीच आहे," मॅडम म्हणाली. सगळे हसले, मुकादम सोडून. "हे नागपूरला वजन करून कळेल." ती जरा घुटमळली. मग शेडभर बघितलं. सगळ्यांची तोंडं उघडी, कुणी घास घेतंय, कुणी लेकराला पाजतंय. तिनं पंचफुलाबाईला विचारलं, "आत्ता काहीच दिसत नाही तुम्हाला?"

"काय दिसणार? रिकामं हाय."

"एकदा इकडून बघाल?"

"कुठून?"

"उन्हाच्या समोरून."

"डोळे दिपतात ना."

मॅडमनं माझं सूप मागितलं. पंचफुलाबाईला उठवून ती कवडशाच्या पलीकडे, पश्चिमेच्या बाजूला घेऊन गेली. आता भिंतीतलं भोक तिच्या अगदी समोर आलं. मॅडमनं सूप असं वर धरलं की फक्त ते भोक झाकलं जावं. "भोकाकडे बघू नका. सुपाच्या काठाच्या बाजूनं, अंधाऱ्या भिंतीवर बघा."

पंचफुलाबाईनं बघितलं.

ती तिथून हलेना, म्हणून मीही उठून तिच्यामागे गेले. आधी मला नुसता सुपाचा काठ दिसला. मग भिंतीचा काळोख. आणि मग त्या काळोखात दिसलं. चुलीवर पाणी उकळावं तशी हवा उकळत होती. चकाकणारा दाट धूर, वर जाणारा, खाली येणारा, स्वतःभोवती फिरणारा. एवढीशीही जागा मोकळी नव्हती. त्याच्या आत सुकराम बसून जेवत होता. त्यानं घासासाठी तोंड उघडलं तेव्हा तो धूर त्याच्या तोंडाकडे वळला. त्यानं श्वास सोडला, धूर दूर ढकलला गेला. त्यानं श्वास घेतला, धूर परत आत गेला.

"बंद," पंचफुलाबाई म्हणाली.

कुणी हललं नाही.

"बंद," ती पुन्हा म्हणाली.

"बाई, चक्की बंदच हाय ना," झिबल मुकादम म्हणाला.

"बंद करा."

"अवो बाई, बंदच हाय. काय बंद करू?"

तिनं मॅडमच्या हातातलं सूप बाजूला ढकललं. ती कवडसा ओलांडून गेली आणि सुकरामच्या गळ्यातला गमछा त्याच्या तोंडावर ओढून करकचून बांधला. त्याच्या तोंडात घास होता. त्याला ठसका लागला, तो गमछा सोडायला बघत होता, आणि ती सोडू देत नव्हती. मी आणि आणखी एकीनं मिळून तिचे हात बाजूला केले. सुकराम खोकत बाहेर गेला आणि पळसाखाली बसला.

पंचफुलाबाई तिथंच उभी राहिली. मग तिनं मॅडमला अगदी साध्या आवाजात विचारलं, "हे खाली कधी बसते?"

"वारा नसला तर सांजेपर्यंतही बसत नाही. जड असतं ते लवकर पडतं. तुम्ही निवळलं म्हणता तेव्हा फक्त जड पडलेलं असतं. ते नाकात अडकतं. हे अडकत नाही, थेट फुप्फुसात खोल जातं."

"आन् निघते कधी?"

मॅडमनं चष्मा काढून पदराला पुसला.

"याले नाव काय?"

"नाव असं नाही. आम्ही हे मायक्रॉनमध्ये मोजतो. केसाच्या जाडीत असे पन्नास-साठ कण शेजारी शेजारी बसतील."

"मायक्रॉन." पंचफुलाबाईनं तो शब्द सावकाश म्हटला. "म्हणजे काय? देवीचं नाव हाय? कोणाचं हाय?"

मला तिचं विचारणं कळलं. आमच्याकडे माणसं नेणाऱ्या रोगालाही नाव असतं. त्याला माता म्हणतात, ओटी भरतात, गावाच्या शिवेपर्यंत पोचवून येतात. नाव असलं की त्याच्याशी बोलता येतं.

"नाही हो," मॅडम म्हणाली. "परदेशातला फार जुना शब्द आहे, ग्रीक भाषेतला. त्याचा अर्थ नुसता लहान."

"लहान?"

"हो. लहान."

"बस?"

"बस, एवढंच."

पंचफुलाबाईनं मान हलवली. कमरेचा पंप सोडून मॅडमच्या हातात दिला. मग खोकं उचललं, कवडशाच्या पलीकडे आणून ठेवलं, आणि उन्हाकडे तोंड करून बसली. आम्ही डबे उचलून बाहेर आलो. त्या दिवशी मुकादमानं तीनदा चक्की सुरू करायला बघितली. तीनही वेळा ती "बंद" म्हणाली, आणि आम्ही कुणी आत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर भिंतीतल्या भोकावर नवं टिन ठोकलेलं होतं. शेडमध्ये अंधार. मुकादम म्हणाला, "शेठनं दुरुस्ती केली. आता उजेडच नाही, तर पाहाचं काय? बाईचं काम संपलं." मॅडम पुन्हा आली नाही. आली असेल तर तिला फाटकाच्या आत घेतलं नसेल. काही जण कामावर राहिले, लांबच्या गावांहून नवे आले. आम्ही तिघं सुटलो. मी आणि पंचफुलाबाई धानाच्या रोवणीला जायला लागलो.

सुकराम पुढचा उन्हाळा काढू शकला नाही. शेवटी शेवटी त्याला आडवं होता यायचं नाही. पाठीशी उशा लावून तो बसायचा आणि पंचफुलाबाई त्याच्यासमोर बसायची. एकदा तो तिला म्हणाला, "बाई, निवळलं का?" चेष्टाच होती. तो तसाच होता. ती उठून बाहेर गेली.

तो गेल्यावर तिनं आपल्या घराच्या छपरावरची कवेलू तपासायला सुरुवात केली. जिथून म्हणून उन्हाचा टिपका आत यायचा तिथं चिंधी कोंबली, वरून माती लिंपली. खिडकीला पोतं बांधलं. दार लावलं की दिवसाही घरात हात दिसायचा नाही. लोक म्हणायचे, पंचफुला उजेडाशी भांडली. मी रोज तिला भात नेऊन द्यायची. अंधारात ताट कुठं ठेवायचं ते पायाला सवयीनं कळायचं.

आमच्या मोहल्ल्यात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. समाजमंदिरात पश्चिमेच्या खिडकीतून तिसऱ्या प्रहरी ऊन यायचं. सगळ्या बाया उन्हाला पाठ करून बसायच्या, मी तोंड करून. झलके गुरुजी म्हणायचे, "मावशी, डोळ्यांवर ऊन येते ना. इकडं सरका." मी म्हणायची, "इथून दिसते, गुरुजी."

महिनाभरानं गुरुजींनी सांगितलं, आज आपापलं नाव लिहा. बायांनी लिहिलं. कुणी नवऱ्याचंही लिहून घेतलं आणि लाजल्या. मी गुरुजींना विचारून दुसरंच लिहिलं, तीन अक्षरांचं, पाटीभर मोठं. गुरुजींनी बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओल्या फडक्यानं आपले खडूचे हात पुसत पुढच्या बाईकडे गेले.

पाटी घेऊन मी पंचफुलाबाईकडे गेले. तिचाही भाता आता चालायचा. दारातूनच ऐकू यायचा.

"बाई, मी लिहिलं."

"काय लिहिलं?"

"लहान."

अंधारात नुसता तिचा श्वास.

"दाखव."

"दिसेल का अंधारात?"

खाट करकरली. ती उठली, भिंतीला धरत धरत गेली. माती खरवडल्याचा आवाज आला, मग वरच्या कवेलूतली चिंधी सुटली आणि ऊन आत पडलं. मला तिचा चेहरा दिसला. किती वाळली होती ती.

मी पाटी पुढं केली.

"लहान लिहाले एवढी पाटी भरवली व?"

"गुरुजी म्हणतात मोठं काढा. वळण बसते."

तिला हसू आलं, आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर तिनं भिंतीवरचं सूप काढलं. उन्हाच्या पलीकडे गेली, माझ्यासमोर. सूप वर धरलं आणि काठाच्या बाजूनं, आम्हा दोघींच्या मधल्या हवेत बघत राहिली.

"निवळलं का, बाई?" मी विचारलं.

सूप जागचं हललं नाही.

"पदर घे तोंडाले," ती म्हणाली.

मी घेतला. तिनंही घेतला. मग ती माझ्याजवळ येऊन बसली, आणि मी उजेडात पाटी धरली. पदराआडून मी एकेक अक्षर म्हणत गेले, आणि ती प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवत गेली, पाटीला न टेकवता, वरच्या वर.